खेळणी नंतर घ्या, आधी माती वाचवा

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: पुण्यात ८४ सदनिकांची सोसायटी, इमारतीमागे साधारण ६० बाय ४० फुटांचा मातीचा तुकडा, हाताशी पाच लाख रुपये. रबर फ्लोअरिंग आणि मल्टिप्ले सेट (घसरगुंडी, शिडी वगैरे एकत्र जोडलेलं खेळणं) कुठला घ्यावा, असं विचारलंय. समितीतल्या काहींना तिथे गाड्या लावायच्या आहेत. आमच्या सोसायटीत सात वर्षं बाग-मैदानाचं काम माझ्याकडे होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

गाड्यांचा विषय आधी मिटवा. मंजूर नकाशा काढून त्यावर ही जागा काय म्हणून दाखवलीय ते बघा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी सोडावी लागते. तुमचा तुकडा त्यात धरलेला असेल, तर समितीने ठराव केला म्हणून तिथे पार्किंग होत नाही. 'मुलांना पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, जागा देऊ' असंही कुणीतरी म्हणेलच. मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं की नियमाने सोडायची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची त्यात धरता येणार नाही. नकाशाची प्रत सभेत सगळ्यांच्या हातात द्या, निम्मा वाद तिथेच संपतो.

आता खेळण्यांचं. आम्ही तुमच्यासारखीच सुरुवात केली होती. घसरगुंडी, सी-सॉ, खाली रबराच्या लाद्या. दोन महिने गर्दी, मग सहा वर्षांपुढची मुलं तिकडे फिरकेनाशी झाली. त्याच सुमाराला पाइपलाइनच्या कामासाठी कोपऱ्यात मुरूम आणि मातीचा ढीग येऊन पडला. तीन आठवडे अख्खी पलटण त्या ढिगावर! कुणी नारळाच्या करवंटीने बोगदा खणतंय, कुणी बाटलीतलं पाणी ओतून धरण बांधतंय आणि ते फुटलं की पुन्हा बांधतंय. एरवी कुणाशीच न बोलणारी एक सात वर्षांची मुलगी तिथे मुकादम झाली होती. काम संपल्यावर ढीग उचलला, तेव्हा मुलं रडली. मला अजूनही वाटतं, तो ढीग आपण ठेवायला हवा होता.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, निम्म्याहून जास्त जागा मोकळी मातीच राहू द्या. लगोरी, डबा ऐसपैस, साखळी, विषामृत यांना सपाट जमिनीपलीकडे काहीच लागत नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आल्डो फान आइक या वास्तुविशारदाने १९४७ पासून सातशेहून अधिक छोटी क्रीडांगणं केली. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, एवढ्यावर. त्यातली कित्येक तुमच्या तुकड्याएवढ्याच रिकाम्या कोपऱ्यांत होती.

झोपाळा हवाच असेल तर आधी टेप लावा. वरचा दांडा आठ फुटांवर असेल, तर पुढे सोळा आणि मागे सोळा फूट रिकामे हवेत, म्हणजे तुमच्या साठातले बत्तीस फूट त्यातच गेले. तो अगदी कडेला, धावणाऱ्यांच्या वाटेत येणार नाही असा बसवा. पत्र्याच्या घसरगुंडीचं तोंड उत्तरेकडे ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये मांड्या भाजतात. काळं रबरही उन्हात असंच तापतं. वाळू घालणार असाल तर बांधकामाची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) नको, तिचे कण टोकदार असतात आणि ती दाबून घट्ट बसते. गोल कणांची धुतलेली वाळू, निदान फूटभर खोल, आणि रात्री वर जाळी, मांजरं येऊ नयेत म्हणून.

कुंपणाला बिट्टी किंवा कण्हेर असेल तर काढून टाका. आम्ही लहानपणी बिट्ट्यांनी खेळलोय, हे खरं. पण दोन्ही झाडं पानापासून बीपर्यंत विषारी आहेत. सावलीला कडुनिंब लावा.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण फार महत्त्वाची आहे. मोठ्या मुलांचं क्रिकेट सुरू झालं की नऊ-दहा वर्षांच्या मुली हळूहळू कडेला सरकतात आणि मग खाली येणंच बंद करतात. आमच्याकडे आठवड्यातले तीन दिवस बॅट-बॉल बंद ठेवला आणि मैदानाच्या एका बाजूला रुंद कट्टा बांधला. मुली आधी कट्ट्यावर आल्या, मग मैदानात. हा नियम आणि खेळाच्या वेळा सर्वसाधारण सभेतच ठरवून घ्या, म्हणजे एखाद्या सभासदाने दुपारी खिडकीतून ओरडून मुलांना हाकलायचा प्रश्न राहत नाही. एक चांगला दिवाही लावा. हिवाळ्यात सहाला अंधारतं आणि क्लासहून मुलं येतात तीच त्या वेळी.

पाच लाख एकदम खर्च करू नका. या पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, मुलं आपणहून कुठे जमतात, ते चार महिने बघा आणि झोपाळ्याचा खड्डा त्यानंतर खणा.