घरमालकाने पाणी-लाइट तोडली, तर भाडं थांबवायचं का?

प्रश्न : भुसावळला आम्ही सहा वर्षांपासून भाड्याने राहतो. करारनामा नाही. भाडं ५,५०० रुपये, रोखीने. पावती कधी मिळाली नाही. मालक आता ९,००० मागतात. नाही म्हटल्यावर त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा आमचा कॉक बंद केला आणि परवा लाइटही तोडून मीटरच्या खोलीला कुलूप लावलं. मे महिन्याचं ऊन, घरात सासूबाई आजारी. पाणी-लाइट सुरू होईपर्यंत भाडं थांबवू का?

उत्तर : भाडं मुळीच थांबवू नका. आज चूक मालकाची आहे; भाडं थकलं की घर खाली करायला सांगण्याचं कारण तुम्हीच त्यांच्या हाती द्याल. ५,५०० रुपये बँकेतून पाठवा आणि कोणत्या महिन्याचं भाडं ते त्यात लिहा. खाते क्रमांक देत नसतील, तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा. पाकीट 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आलं, तर न फोडता जपून ठेवा. पावती देणं हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज तोडणं गुन्हा आहे. पण 'मोटर जळाली', 'वीजबिल यांनीच थकवलं' अशी कारणं कोर्टात पुढे येतात. म्हणून बंद कॉक, कुलूप यांचे तारखेसह फोटो आजच काढा. बिलाची थकबाकी महावितरणकडे तपासा. थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी महावितरणला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तुमच्याकडे तर कुलूप मालकाचं आहे, हेच नेमकं दाखवायचं. मालकाला लेखी नोटीस द्या, पोलिसांत लेखी तक्रार देऊन पोच घ्या आणि दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे कलम २९ खाली अर्ज करा. निकालाला वेळ लागतो, म्हणून अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश मागा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अर्ज तुमच्या नावाने करा. तोवर कुलूप तोडू नका, आकडाही टाकू नका. वीजचोरीचा गुन्हा तुमच्यावरच येईल.

करार नाही याची धास्ती नको. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरतात. भाडेवाढ मात्र सरसकट नाकारू नका. मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, म्हणजे तुमच्या भाड्यावर २२० रुपये. तेवढी वाढ नोटिशीतच देऊ करा. कोर्टात तुमची बाजू बळकट होते.

समझोत्याच्या नावाखाली अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' पुढे केला, तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. त्या सहीने सहा वर्षांचे भाडेकरू परवानाधारक, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरतेच राहणारे, होतात. मग मुदत संपताच मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) ताबा मागू शकतो, आणि घर सोडलं नाही तर करारातल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागते.