मनातलं विचारा : "माझ्या आतले बाकीचे कधी जातील?"

ताई, नमस्कार. मी ३३ वर्षांची आहे, नाशिकला एका कंपनीत अकाउंट्स बघते. लहानपणी सख्ख्या काकांकडून माझ्यावर जे झालं ते बरीच वर्षं चाललं, त्याहून जास्त इथे लिहवत नाही. नंतर डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या, मग एका डॉक्टरांनी आवाज ऐकू येतात म्हणून स्किझोफ्रेनियाची औषधं दिली, त्याने नुसती गुंगी यायची. आत्ताच्या मॅडमनी डीआयडी सांगितलं, म्हणजे डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर, एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी वावरतात तो आजार. ट्रीटमेंट चालू आहे, फरकही आहे, पण परवा पर्समध्ये रंगीत खडूंची पेटी सापडली, पैसे माझ्याच फोनवरून गेलेत आणि मला घेतल्याचं अजिबात आठवत नाही. आत एक छोटी आहे, आणि एक जण आहे तो मला सतत शिव्या घालतो तेही काकांच्याच भाषेत. हे सगळे कधी जातील? झालेलं सगळं आठवावंच लागेल का? आई म्हणते बाहेरचं काहीतरी आहे, अमावस्येला एका ठिकाणी दाखवून आणू. आणि गणपतीला गावी जायचंय, तिथे काका असतात.
(नाव देऊ नये, नाशिक)

अगं, गणपतीपासूनच सुरुवात करते कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, तारीख थांबणार नाही. जाऊ नकोस. "पण वर्षाचा सण आहे, लोक काय म्हणतील" हे सगळं मला पाठ आहे, तरीही नको. या आजाराच्या ट्रीटमेंटचे ढोबळमानाने तीन टप्पे धरतात, आधी सुरक्षितता आणि स्थिरता, मग झालेल्या गोष्टींवर काम, आणि शेवटी सगळं जोडून घेऊन पुढचं आयुष्य, आणि पहिला टप्पा म्हणजे नुसते श्वासाचे व्यायाम नसतात. ज्याने त्रास दिला त्याच्या पंगतीला बसून, त्याला मोदक वाढून पहिला टप्पा पार पडत नाही. तुझ्या आतल्या छोटीला अजून हेच कळलेलं नाहीये की ते दिवस संपले, तू तिला त्याच घरात त्याच माणसासमोर नेलंस तर तिचं म्हणणंच खरं ठरतं ना. ऑडिट आहे म्हणून सांग, तब्येत बरी नाही म्हणून सांग, खरं कारण सगळ्या भावकीला सांगायला तू बांधील नाहीस. एक मात्र विचारते, त्या घरात आत्ता लहान मुलं आहेत का? त्यांच्यापैकी कुणाला त्रास होतोय असं कळलं किंवा तशी शंका जरी असली तर ते कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, १०९८ वर फोन करता येतो. हे एकटीने करू नकोस, मॅडमशी बोलून कर.

आता खडूंची पेटी. तू घाबरलीस हे समजतं, पण मला वाचून जरा बरंच वाटलं. कुणीतरी दुकानात गेलं, हवी ती वस्तू घेतली, पैसे दिले आणि तुला सुखरूप घरी आणलं. ती पेटी फेकू नकोस. एक साधी वही घे, ती टेबलावर उघडी ठेव आणि पहिल्या पानावर लिही, "खडू कोणाला हवे होते? पुढच्या वेळी मला सांगशील का?" आणि शेजारी आजची तारीख, तुझं वय, आपण नाशिकच्या घरात आहोत, दाराला आतून कडी आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे, हे सगळं लिही. ही तारीख आणि कडी वाचून हसू येईल पण ज्या पार्टसाठी, म्हणजे आतल्या ज्या वेगळ्या ओळखीसाठी, घड्याळ सातव्या वर्षीच बंद पडलंय त्याच्यासाठी ही फार मोठी बातमी असते. उत्तर वेगळ्या अक्षरात येईल, कदाचित नुसतं चित्र येईल, कदाचित पुष्कळ दिवस काहीच येणार नाही. वही सेशनला घेऊन जा.

शिव्या घालणाऱ्याबद्दल, तो काका नाही. काकांचा आत्मा, शाप, संस्कार काहीही नाही. लहान मूल ज्या माणसाच्या घरात राहतं, जेवतं, त्याच माणसापासून त्याला पळायचंही असतं, आणि पळता तर येत नाही. एवढ्या लहान वयात 'मी' म्हणून एकसंध असं काही अजून तयार झालेलंच नसतं, ते वाढता वाढता जुळतं. सततच्या अत्याचारात ते जुळतच नाही, एक जण शाळेत जातो आणि त्याला काही माहीत नसतं, एकाकडे भीती, एकाकडे राग. आणि एक जण काकांसारखा बोलायला शिकतो कारण आधीच आपण ओरडून गप्प बसवलं तर बाहेरून मार कमी बसेल, हा त्याचा हिशोब. तेव्हा तो बरोबर होता. म्हणून त्याच्याशी भांडू नकोस, त्याला हाकलायचाही प्रयत्न नको, "तू कशाला घाबरतोस" असं विचार. पहिल्यांदा आणखी शिव्या मिळतील, मिळू देत. पण तो जिवाचं बरंवाईट करायला सांगत असेल तर मात्र वही बाजूला ठेवून त्याच दिवशी मॅडमना फोन, त्या नाही लागल्या तर १४४१६, ही सरकारची टेली-मानस लाईन आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. या आजारात स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण खूप आहे म्हणून हे स्पष्ट लिहिते.

सगळं आठवावं लागेल का? नाही. आणि कुणी संमोहन लावून "आठवणी काढून देतो" म्हणालं तर चपला घालून निघ. १९८० आणि ९० च्या दशकांत अमेरिकेत याचं पेवच फुटलं होतं, त्यातून न घडलेल्या आठवणीही तयार झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि या आजारावरच बऱ्याच डॉक्टरांचा विश्वास उडाला तो आजही काहींचा परत आलेला नाही. १९९४ मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत मल्टिपल पर्सनॅलिटी हे नाव बदलून आत्ताचं नाव आलं पण वाद काही मिटला नाही. त्यामुळे तुला आधी स्किझोफ्रेनियाची औषधं मिळाली यात मला नवल वाटत नाही, योग्य निदान व्हायला कित्येक वर्षं जाणं हे यात नेहमीचंच. डीआयडीची स्वतःची अशी गोळी नाही, झोप, चिंता, डिप्रेशन यांच्यासाठी औषधं लागतात, ती मनाने बंद करू नकोस.

आईंचं. देवावर श्रद्धा असण्याला माझी ना नाही, आणि जत्रेत वारं येणाऱ्या प्रत्येक बाईला आजार आहे असंही डॉक्टर म्हणत नाहीत, समाजात मान्य असलेलं, ज्याने त्रास होत नाही ते वेगळं. पण तुला जे होतंय ते देवळाबाहेर, ऑफिसात, तुझ्या मर्जीविरुद्ध होतंय. आणि "भूत उतरवतो" म्हणून मारणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्या मुलीला लहानपणी धरून ठेवलं गेलं तिला परत चार जणांनी धरायचं, यातून काय बरं होणार? आईंना एकदा मॅडमकडे घेऊन जा. मला वाटतं त्यांना "बाहेरचं" हवंय कारण घरातलं मान्य करणं त्यांना झेपत नाहीये. तो त्यांचा प्रश्न, तुझ्या ट्रीटमेंटला त्याच्यासाठी थांबवू नकोस.

आणि हे सगळे जातील कधी? जाणार कुणीच नाही, कारण ते तूच आहेस. काही जणांच्या बाबतीत पार्ट्स हळूहळू एकत्र येतात, काही जण आयुष्यभर वेगवेगळे राहतात पण एकमेकांशी बोलून, ठरवून, वेळ न हरवता जगतात, आणि तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दुसरा पर्यायही चालणारा धरलाय. वर्षं लागतात. पण अनेक देशांतल्या पेशंट्सना ३० महिने फॉलो करून २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात अशा टप्प्याटप्प्याच्या थेरपीने डिसोसिएशन (मन असं तुटून वेगळं पडणं), स्वतःला इजा करणं, अ‍ॅडमिट व्हावं लागणं कमी झालेलं दिसलं. तुझ्यासाठी या वर्षीचं माप एवढंच ठेव, हरवलेले तास कमी होतायत का.

---

नमस्कार मॅडम. माझ्या मिसेसना हाच आजार आहे. रात्री कधीकधी ती एकदम पाच-सहा वर्षांच्या मुलीसारखी बोलते, पलंगाखाली जाऊन बसते, मला "काका" म्हणते. सकाळी तिला काही आठवत नाही. मी काय करू? यातली खरी माझी बायको कोणती?
(एक वाचक, सांगली)

दादा, सगळ्याच. "खरीला परत बोलव" असं मात्र कधी म्हणू नका, ते त्या छोटीला "तू नको आहेस" असं ऐकू येतं.

पलंगाखाली गेली तर ओढून काढू नका, हात लावू नका. मोठा दिवा लावा, दार उघडं ठेवा, तुम्ही लांब जमिनीवर बसा. तुमचं नाव सांगा, साल सांगा, इथे कुणी मारत नाही हे सांगा, पाणी सरकवून द्या. त्या वेळी कुणी काय केलं हे खोदून विचारायचं नाही, तो उद्योग थेरपिस्टचा. आणि एक गोष्ट अवघड वाटली तरी लिहिते, ती त्या अवस्थेत असताना जवळीक अजिबात नाही, ती स्वतः बिलगली तरी नाही. सकाळी तिला घडलेलं सांगायचं की नाही हे ती बरी असताना तिलाच विचारून ठरवा. गाडी आणि गॅस यांचेही नियम तेव्हाच ठरवून घ्या. तुम्हाला स्वतःला झोप मिळत नसणार, आठवड्यातली एक रात्र बहिणीला किंवा मेव्हणीला सोबतीला बोलवा, पण मिसेसची परवानगी घेऊन.

---

ताई, मी १९ वर्षांची आहे. रील्स बघून मला वाटतं मलाही डीआयडी आहे, कारण मी कॉलेजमध्ये वेगळी असते आणि घरी वेगळी.
(पुणे)

कॉलेजात वेगळी आणि घरी वेगळी तर सगळा महाराष्ट्र असतो गं. तास हरवतात का, न घेतलेल्या वस्तू सापडतात का, केलेल्या गोष्टी लोक सांगतात आणि तुला आठवत नाहीत असं होतं का? होत असेल तर रील्स बंद करून सायकियाट्रिस्टकडे जा, फिट्स किंवा इतर काही नाही ना हे ते आधी बघतील. होत नसेल आणि तरी मन जड असेल तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे जा, त्यासाठी मोठ्या आजाराचं नाव लागत नाही.