स्कीचा खर्च नेमका जातो कुठे?

वाचकांच्या पत्रांत या वेळी स्कीबद्दल बरेच प्रश्न होते आणि जवळजवळ प्रत्येकात पैशाची ओढाताण होती. आधी आपल्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा कोणता ते शोधायचे आणि कात्री तिथेच लावायची, या धोरणाने उत्तरे दिली आहेत. पुण्याच्या माणसाचा मोठा आकडा प्रवासाचा असतो, अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या माणसाचा उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टच्या तिकिटाचा.

आम्ही तिघे मित्र, सगळ्यांचे घराचे हप्ते चालू आहेत. गेल्या हिवाळ्यात गुलमर्गला चार दिवस स्की शिकलो आणि वेडच लागले. यंदा तीन-तीन दिवसांच्या तीन फेऱ्या करायच्या आहेत. माणशी साठ हजारांत बसेल का? (कोथरूड, पुणे)

तीन फेऱ्या बसणार नाहीत. तेवढेच नऊ दिवस एका फेरीत मात्र बसतील. समजा, विमान आणि श्रीनगर-गुलमर्ग गाडी मिळून माणशी जाऊन-येऊन १८,००० रुपये लागतात आणि तिथे राहणे, जेवण, भाड्याचे स्की व लिफ्ट मिळून रोजचे ४,५००. तीन फेऱ्यांचा प्रवास ५४,००० आणि नऊ दिवसांचे ४०,५००, म्हणजे ९४,५००. बर्फावरचा एक दिवस साडेदहा हजारांना पडला. एकाच फेरीत नऊ दिवस राहिलात तर एकूण ५८,५०० आणि दिवस साडेसहा हजारांना. तुमचे खरे आकडे घालून हाच हिशेब मांडा. शिकण्याच्या दृष्टीनेही सलग दिवस बरे. तीन दिवसांच्या फेरीत पहिला दिवस मागचे आठवण्यातच जातो.

दोन फेऱ्या हव्याच असतील तर रेल्वेचा विचार करा. वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्स्प्रेस कटऱ्याला जाते आणि जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत धावते. हा टप्पा सुमारे तीन तासांचा आहे. दरडी कोसळून जम्मू-श्रीनगर रस्ता बंद पडण्याची धास्ती त्यामुळे टळते. एक रात्र गाडीत आणि एक कटऱ्यात धरा. पैसे वाचतात, पण रजा जाते, हे आधीच ठरवून घ्या.

तारखांच्या बाबतीत नाताळ आणि २६ जानेवारीचा आठवडा सोडा. दर चढलेले असतात आणि डिसेंबरअखेरीस बर्फाचा भरवसा नसतो. जानेवारी २०२४ मध्ये तर गुलमर्गचे मैदान तपकिरी पडले होते. २०२५ मध्ये बर्फाअभावी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीचा मधला काळ त्यातल्या त्यात सुरक्षित. तरीही खोली रद्द करता येईल अशीच घ्या आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस हातात ठेवा, कारण बर्फ पडला की विमाने रद्द होतात.

तंगमर्गला खोली स्वस्त मिळते, पण तिथून गुलमर्ग १३ किलोमीटर आहे. बर्फ पडल्यावर चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांवर चालणारी गाडी रोज करावी लागते. तिघांत वाटूनही वाचलेले पैसे त्यातच जातात. गुलमर्गमध्येच साधी खोली घ्या, आठवड्याचा दर ठरवा आणि बुखारीचे (खोली तापवणाऱ्या शेगडीचे) लाकूड, विजेचे पांघरूण व गरम पाणी त्या दरात आहे का ते आधी विचारा. बिल फुगते ते इथेच. आणखी एक छोटी गोष्ट: बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. तिघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड हवे.

गोंडोलाचे, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचे, तिकीट रोज काढू नका. चार दिवस शिकलेल्या माणसाचे काम मैदानालगतच्या सोप्या उतारांवर आणि दोराने वर ओढणाऱ्या छोट्या लिफ्टवर भागते. गोंडोलाचा दुसरा टप्पा गुलमर्गवरच्या अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर सोडतो. तिथले बहुतेक उतार दाबून सपाट केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. तिथे जायचेच असेल तर जाणकार वाटाड्या, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारे यंत्र), फावडे, शोधकाठी आणि त्या दिवशीची स्की पेट्रोलची (उतारांवरच्या सुरक्षा पथकाची) सूचना यांपैकी एकाही गोष्टीवर काटकसर करू नका. यातले काही परवडत नसेल तर खालीच स्की करा.

मी महाविद्यालयात शिकतो. बर्फ अजून पाहिलेला नाही. सर्वांत कमी पैशांत नीट शिकायचे कुठे? (नाशिक)

सरकारी संस्थेत. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था सोलंगला स्कीचे वर्ग घेते. गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्की व पर्वतारोहण संस्था आहे. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे अभ्यासक्रम असतात. राहणे, जेवण, साहित्य आणि प्रशिक्षक एकाच शुल्कात मिळतात. खाजगी प्रशिक्षक तासावर घेऊन तेवढेच दिवस शिकायचे म्हटले तर खर्च कितीतरी वर जातो. जागा लवकर भरतात. वेळापत्रक जाहीर झाले की त्याच आठवड्यात अर्ज करा. औलीला जाणार असाल तर जोशीमठ-औली रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यावर बंद झाला, हे ध्यानात ठेवून वर जाण्याचा रस्त्याचा खर्च धरा.

जाण्याआधी दीड-दोन महिने मांड्या तयार करा. शिकाऊ माणूस तिसऱ्या दिवशी बसतो तो मांड्या भरून आल्यामुळे, आणि भरलेल्या शुल्कातला तो दिवस वाया जातो. स्कीवर स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार पेलतात, डोंगर उतरताना पेलतात तसाच. ब्रह्मगिरी किंवा पांडवलेणी चढताना घाम निघतो, पण तुमच्या कामाचे आहे ते उतरणे. गुडघे वाकवून, सावकाश, आठवड्यातून दोनदा उतरा. कपडे नवे घेऊ नका. थर्मल आणि फ्लीस ट्रेकचेच चालतात. सुती बनियन आणि जीन्स मात्र घरी ठेवा. सुती कापड एकदा भिजले की दिवसभर सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते.

अमेरिकेतली मावसबहीण तिचे जुने स्की आणि बूट मला देणार आहे. स्की १६८ सेंटिमीटरचे, बुटांवर २६.५ लिहिले आहे. माझी उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. दोन हंगाम शिकले आहे. फुकट मिळतेय तर घ्यावे ना? (विलेपार्ले, मुंबई)

बूट मापल्याशिवाय घेऊ नका. बुटावरचा २६.५ हा आकडा पावलाच्या लांबीचा आहे, सेंटिमीटरमध्ये. जमिनीवर कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवून उभ्या राहा, सर्वांत लांब बोटापुढे रेघ मारा आणि मोजा. पाऊल २४ च्या आसपास भरले तर तो बूट तुम्हाला दोन सेंटिमीटरहून अधिक मोठा आहे. मोठ्या बुटात पाऊल आत सरकते. नडगी पुढे झुकते, पण बूट उशिरा ऐकतो आणि स्की त्याहून उशिरा वळते. मग माणूस बक्कल आवळत जातो, रक्त अडते, बोटे बधिर होतात आणि दोष थंडीला दिला जातो.

खात्रीची चाचणी अशी. आतले मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला आणि बोटे पुढे टेकवा. टाचेमागे दीड बोटाची फट हवी; तीन बोटे शिरली तर बूट विसरा. अस्तरासह घातल्यावर ताठ उभे असताना बोटे पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. पायमोजा एकच, पातळ. बूट दहा वर्षांहून जुने असतील तर मापात बसले तरी नको, कारण प्लास्टिक ठिसूळ होऊन गारठ्यात तडकते. तळव्याची टोके झिजलेली असतील तर बाइंडिंगमधून (बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या पकडीतून) बूट वेळेवर सुटेल याची शाश्वती राहत नाही.

स्की घेता येतील, पण लगेच वापरू नका. शिकत असताना स्की हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, म्हणजे तुम्हाला १५० च्या आसपास. १६८ ची वळायला जड जाईल. स्कीच्या पोलादी कडा सलग आहेत का, तळावर आतला गाभा दिसेल इतकी खोल चीर आहे का, आणि वरचा थर टोकाशी सुटलाय का, ते पाहा. बाइंडिंग बहिणीच्या बुटाच्या तळव्याला आणि तिच्या वजनाला लावलेले असणार. तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते. सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि ही लांबी यांवरून काढतात. तो जास्त लागला तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

पैसे कशावर घालायचे असे विचाराल तर स्वतःच्या मापाच्या बुटांवर, आणि स्की भाड्याने. भाड्याचे स्की कामचलाऊ असले तरी निभतात, भाड्याचे सैल बूट निभत नाहीत. बुटांची जोडी साडेतीन-चार किलो भरते, त्यामुळे विमानात सात किलोंच्या केबिन बॅगेत बसते. काठ्या चेक-इनमध्येच टाकाव्या लागतात.

आम्ही डेन्व्हरला राहतो. मुले आठ आणि अकरा वर्षांची. दर दुसऱ्या शनिवारी डोंगरात जावेसे वाटते, पण चौघांचे तिकीट पाहिले की घरी बसतो. (डेन्व्हर, कोलोरॅडो)

खिडकीवर जाऊन तिकीट काढणे बंद करा. व्हेल या मोठ्या स्की केंद्रात गर्दीच्या दिवशी एका प्रौढाचे तिकीट तीनशे डॉलरच्या वर जाते. तिथले सगळे दर आगाऊ घेणाऱ्याच्या सोयीचे आहेत. एपिक आणि आयकॉन हे हंगामी पास वसंतात सर्वांत स्वस्त असतात आणि डिसेंबरमध्ये त्यांची विक्री थांबते. आठ-दहा दिवस नक्की जाणार असाल तर पास घ्या. चार-पाच दिवसच जमणार असतील तर मोजक्या दिवसांचा पास किंवा लव्हलँडसारख्या स्वतंत्र ठिकाणचा चार दिवसांचा संच शरदातच घेऊन ठेवा. लव्हलँड डोंगरात जाणाऱ्या आय-७० महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्याच्या अलीकडे आहे, गाडी लावायला पैसे पडत नाहीत आणि परतीच्या कोंडीतला एक मोठा तुकडा वाचतो.

मुलांचे साहित्य विकत घेऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुकाने पूर्ण हंगामासाठी स्की-बूट भाड्याने देतात आणि मधेच पाय वाढला तर बरीच दुकाने बूट बदलून देतात. कोलोरॅडो स्की कंट्री या स्की केंद्रांच्या संघटनेचा मुलांचा पासपोर्ट (सवलतीचा पास) अकरा वर्षांच्या मुलाच्या इयत्तेला लागू आहे का, तेही पाहा. बरीच ठिकाणे त्यावर काही दिवस मोफत देतात. गाडीचे टायर तपासा: सप्टेंबर ते मे या काळात आय-७० च्या डोंगरी भागात टायरची नक्षी किमान ३/१६ इंच खोल लागते, नाहीतर दंड बसतो. टायर घासलेले असतील तर नव्यांचा खर्च करण्याआधी स्की केंद्रांकडे जाणारी शनिवार-रविवारची स्नोस्टँग बस पाहा. दुपारचे जेवण डब्यातून न्या. पोळीचा रोल खिशात गोठत नाही, आणि वरच्या उपाहारगृहात चौघांच्या जेवणाचे बिल लहान नसते.

मार्चमध्ये स्की आणून पिशवीत घालून गॅलरीत उभे ठेवले. ऑक्टोबरमध्ये पाहतो तर कडांना तांबडा गंज आणि बुटांच्या अस्तराला बुरशी. आता काय करू? (डोंबिवली)

पावसाळ्यात बंद पिशवीत दमट हवा कोंडून राहते आणि कडा पोलादाच्या असतात, त्यामुळे असे झाले. वरवरचा गंज गंज-रबराने किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने कडेच्या दिशेने घासा, आडवे घासू नका. मग कानशी ८८ अंशांचा कोन राखणाऱ्या साच्यात धरून कडेवर दोन-तीन हलके हात फिरवा. जोर लावला तर कड उगाच झिजते, आणि एकदा झिजलेली कड परत येत नाही.

नंतर मेण. वाफेची इस्त्री नको, तिच्या तळाला भोके असतात. जुनी सपाट इस्त्री घ्या आणि ती पुन्हा कपड्यांना वापरू नका. मेणाचा धूर निघाला तर इस्त्री फार तापली आहे. मेणाचे थेंब तळावर पाडत जा आणि इस्त्री शेंड्याकडून टाचेकडे एका संथ चालीने फिरवा. इस्त्रीमागे चार-पाच बोटे मेण ओले दिसत राहील, एवढा वेग ठेवा. एका जागी थांबलात तर तळ भाजतो. साठवणीसाठी साधे पॅराफिन चालते. थर जाड ठेवा, कडांवरूनही ओघळू द्या आणि खरवडू नका. तो थरच कडेला हवेपासून वाचवतो.

स्की जुन्या चादरीत गुंडाळून घरातल्या भिंतीच्या आडोशाला ठेवा, गॅलरीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर नको. बुटांची अस्तरे बाहेर काढा, बुरशी घराबाहेर ब्रशने झाडा, निम्मे पाणी घातलेल्या व्हिनेगरने पुसा आणि पंख्याखाली दोन दिवस वाळवा. अस्तर परत घालताना आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि बक्कल शेवटच्या सैल दातावर लावा, म्हणजे कवचाचा आकार बिघडत नाही. जूनपासून दर महिन्याला बोळे बदला. ओलसर लागले तर त्या दिवशी पुन्हा पंखा.

जानेवारीत निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्लास्टिकच्या पट्टीने मेणाचा थर पूर्ण खरवडा, कडा पुसा आणि स्कीच्या मेणाचा पातळ थर देऊन तोही खरवडून ब्रश मारा. जाड थर तसाच ठेवून उतारावर गेलात तर स्की घसरायच्याऐवजी अडखळतील.