साथ नसतानाचं पाणी

सांगली,
जूनचा शेवटचा आठवडा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. वाईपासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेच्या पाण्यात कोणकोणते सूक्ष्मजीव आहेत, ते डीएनएवरून ओळखायचं तू ठरवलंयस. विषय चांगला आहे आणि तुझी तयारीही दिसते. पण पाणी कधी घेणार, हे त्यात कुठंच नाही. 'गॅस्ट्रो किंवा काविळीची साथ आलेल्या गावांतून नमुने घेण्यात येतील' एवढं एक वाक्य आहे. मला त्या वाक्याबद्दलच लिहायचंय. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर माझं मत पक्कं झालंय, की पाण्याचा अभ्यास साथ नसताना करायचा असतो.

काविळीचंच बघ. हेपटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे जातात, बहुतेकांना पाच-सहा. पहिला पेशंट दवाखान्यात येतो तोवर त्याला आजारी पाडणारं पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं. मग धावपळ सुरू होते. टाकी धुतली जाते, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) दुप्पट पडते आणि त्यानंतर आपण बाटली घेऊन जातो. अहवाल येतो, 'पिण्यास योग्य'. गाव सुटकेचा श्वास सोडतं आणि दोष जातो गाड्यावरच्या भेळीला. तो अहवाल खोटा नसतो, पण तो दुसऱ्याच पाण्याचा असतो.

दिल्लीची १९५५-५६ ची साथ तू अभ्यासक्रमात एका ओळीत शिकली असशील. ती नीट वाचून काढ. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादला, जिथून शहरासाठी पाणी उचलतात तिथं, मागं आलं. जलशुद्धीकरण केंद्रातल्या लोकांच्या ते लक्षात आलं होतं. त्यांनी क्लोरीन वाढवला. टायफॉइडच्या आणि हगवणीच्या जिवाणूंना तो पुरला, विषाणूला पुरला नाही. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढं कितीतरी वर्षं ती हेपटायटिस एची साथ समजली जात होती. ती वेगळ्याच विषाणूची होती हे १९८० च्या सुमारास कळलं, तेही त्या वेळच्या पेशंटांचे रक्तनमुने जपून ठेवले होते म्हणून. ते जपून ठेवणाऱ्याला तेव्हा काय शोधायचंय हेही माहीत नव्हतं. म्हणून तुला सांगते, प्रत्येक नमुना ज्यातून गाळलास त्यातला एक गाळणकागद उणे तापमानात ठेव, त्यावर तारीख, वेळ, जागा लिही. आज ज्याची चाचणी तुला परवडत नाही, ती पाच वर्षांनी परवडेल.

नदीकाठच्या गावांत अजून वेशीवर मरीआईचं देऊळ असतं. पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, माणसं कशी जायची याची ती आठवण आहे. ही पटकी दोन साथींच्या मधल्या काळात कुठं असते, या प्रश्नात अमेरिकेतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांनी आयुष्य घातलं. बंगालच्या उपसागराच्या परिसरात त्यांना दिसलं, की पटकीचे जिवाणू पाण्यातल्या प्लवकांना, म्हणजे बारीक तरंगत्या जीवांना, चिकटून राहतात. परिस्थिती बिघडली की ते जिवंत राहतात, पण प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या आपल्या प्लेटवर वाढत नाहीत. प्लेट कोरी आणि पाण्यात जिवाणू हजर! आपल्या कृष्णेतही तसंच आहे असं धरून चालू नकोस, ते तुला तपासावं लागेल. पण त्या कामातून निघालेला उपाय किती साधा होता बघ. जुनी सुती साडी चार-आठ पदरी घडी करायची आणि तिच्यातून पाणी गाळायचं. प्लवक अडकलं की त्याला चिकटलेले जिवाणूही अडकतात. बांगलादेशातल्या ६५ गावांत हे करून पाहिलं, तेव्हा पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरलं. २००३ साली हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडं हंड्याच्या तोंडाला फडकं बांधायची पद्धत आहेच, फक्त ते बहुधा एकपदरी असतं.

आता नमुन्याबद्दल. हे काम शिपायावर किंवा ज्युनिअरवर सोडू नकोस. निदान पहिलं वर्षभर बाटली तुझ्याच हातात असू दे.

नळाला रबरी पाइप असेल तर काढ. तोटी पुसून स्पिरिटच्या बोळ्यानं जाळून घे. बाटली निर्जंतुक करण्याआधीच तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं, नाहीतर वाटेत क्लोरीन आपलं काम करत राहतो आणि गावात घाण असलेलं पाणी प्रयोगशाळेत येईपर्यंत स्वच्छ होतं. बाटली विसळायची नाही. बुचाचं आतलं तोंड कशाला लागू द्यायचं नाही. वर बोटभर जागा सोडायची आणि लगेच बर्फाच्या पेटीत ठेवायची. हे सगळं तुला येतं. पुस्तकात आणखी एक पायरी असते, नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्यावा आणि मग नमुना घ्यावा. चोवीस तास पाणी असणाऱ्या गावाला ही पायरी बरोबर आहे. आपल्या गावांत दिवसातून तासभर, कुठं दिवसाआड पाणी सुटतं. मधल्या वेळात पाइप रिकामे पडतात, आतला दाब जातो, आणि जिथं सांधा गळतो तिथून बाहेरच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते पहिल्या लोटात येतं. ते आपण दोन-तीन मिनिटं मोरीत सोडून देतो आणि मग स्वच्छ पाणी बाटलीत भरतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या घे, एक पाणी आल्याबरोबर आणि एक नियमानुसार. दोन्हींत फरक पडला तर गळती कुठं आहे हे शोधायला सुरुवात करता येते. आणि टाकीजवळच्या नळापेक्षा शेवटच्या टोकाच्या नळाला जास्त वेळा जा. क्लोरीन तिथं पोचेपर्यंत संपतो आणि तिथं राहणाऱ्यांचं पंचायतीत कोणी ऐकत नाही, असं मी बहुतेक गावांत पाहिलंय.

गावातल्या जलसुरक्षकाशी, म्हणजे पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या माणसाशी, ओळख कर. पाण्यात क्लोरीन उरलाय का हे दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग आला नाही तर त्याला बोल लागतो, पण टीसीएलचं पोतं कसं ठेवलंय हे कोणी विचारत नाही. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. पावसाळी दमट खोलीत तोंड उघडं राहिलं की तो उडून जातो. जलसुरक्षक बिचारा तेवढीच मापं रोज टाकतो आणि पाण्यात जाते नुसती चुनखडी. शिवाय पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलाच पाहिजे, आणि पावडर टाकल्यावर अर्धा तास तरी पाणी टाकीत थांबलं पाहिजे. पावडरीची ताकद मोजायला तुला अर्ध्या दिवसाचं टायट्रेशन पुरेल. तुझ्या प्रबंधात त्याचं एक पानही होणार नाही, तरीही कर. त्या गावाला तुझ्या सगळ्या डीएनएपेक्षा त्या आकड्याचा उपयोग जास्त होईल.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात इथं सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरला की सगळेच नमुने घ्यायला धावतात. पण त्या आकड्यांना अर्थ यायचा तर त्याच नळाचे मे महिन्यातले, जूनमधले आकडे शेजारी हवेत. ते तू तयार कर. पाच गावं घेऊ नकोस, एकच गाव घे आणि त्याच जागांवर बारा महिने जा. उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते तेव्हा, वळवाच्या पावसानंतर, यात्रेच्या आठवड्यात, आणि काहीच घडत नाही अशा कंटाळवाण्या दिवसांतसुद्धा.

सिक्वेन्सिंगची, म्हणजे डीएनए वाचायच्या मशीनची, सोय आपल्या कॉलेजात नाही याचं तुला वाईट वाटतंय, ते समजतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जिवाणू ओळखला. पण त्यानं माणूस मरतो कसा, हे त्याच शहरात शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सिद्ध केलं. सशाच्या आतड्याचा तुकडा बांधून त्यात त्यांनी पटकीचे जिवाणू वाढवून मग ते काढून टाकलेला पेशीविरहित द्रव सोडला, आणि आतडं पाण्यानं भरलं. विष आहे हे दिसलं! पंचाहत्तर वर्षं जगभर अडलेला प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवल्यामुळं सुटला. मशीनसाठी पुण्याला नमुने पाठवता येतील, त्याची व्यवस्था मी बघते. प्रश्न मात्र तुलाच नेमका करावा लागेल.

पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण असलेला ई. कोलाय जिवाणू आला नाही म्हणजे काहीच नाही, असंही लिहू नकोस. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिलॅन-बारे या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे पेशंट वाढले, तेव्हा काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. त्याला ४२ अंश तापमान आणि कमी ऑक्सिजन लागतो, आपल्या नेहमीच्या चाचणीत तो दिसणारच नाही. आणि इथंही जुलाब आधी होतात, पाय लुळे पडतात ते एक ते तीन आठवड्यांनी.

शेवटी अहवालाबद्दल. एखाद्या नळाचा निकाल वाईट आला तर छापील कागदाची वाट बघू नकोस, त्याच संध्याकाळी जलसुरक्षकाला आणि ग्रामसेवकाला फोन कर. गावाचं नाव पेपरात जाऊ देऊ नकोस, नाहीतर पुढच्या वेळी कोणी दारात उभं करणार नाही. आणि काविळीचा एक जरी पेशंट कळला तरी आधी आशाताईंना गाठ आणि त्या वस्तीत कोणी गरोदर आहे का ते विचार. शेवटच्या तीन महिन्यांत हेपटायटिस ई झाला तर चार-पाचांतली एक बाई जाते. तिच्या घरी त्याच दिवसापासून पाणी उकळून प्यायला सुरुवात व्हायला हवी. बाटलीतलं काही वाढतंय का, ते दुसऱ्या दिवशी बघता येईल.

तुझी,
मॅडम