वाचक विचारतात : जीपमधल्या बातम्या

प्रश्न : नेपाळात मुक्तिनाथला जाताना जीपवाल्याने सबंध वाट एफएम लावला होता. डोंगर ओलांडला की स्टेशन बदलायचं, आणि गाण्यांच्या मधे बातम्या : दरड कुठे कोसळली, कोण काय बोललं. आपल्या एफएमवर बातम्या का नसतात? शिवाय तिथल्या पेपरावर साल २०८१ कसं?
– एक वाचक, म्हसवड

उत्तर : त्या बातम्या नेपाळी लोकांनी भांडून मिळवल्यात. १९५१ पासून तिथे सरकारी रेडिओ नेपाळ एकटाच. १९९०च्या लोकशाही आंदोलनानंतर खासगी दैनिकं निघाली, पण रेडिओ काही सरकारला सोडवेना. पर्यावरण पत्रकारांच्या संस्थेने साडेचार वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठे १९९७ला 'रेडिओ सगरमाथा'ला परवाना मिळाला. मग डोंगरोडोंगरी केंद्रं झाली.

असंच एक केंद्र मी २०१३च्या थंडीत पाहिलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठोकलेले, वीज गेलेली, टेबलाखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या. निवेदिकेने आधी हरवलेल्या म्हशीची जाहिरात वाचली, मग मंत्रिमंडळाची बातमी. म्हशीचे पैसे रोख मिळाले होते! सरकारच्या 'लोककल्याणकारी विज्ञापना'चे, म्हणजे लोकहिताच्या जाहिरातींचे, थकले होते, आणि ज्याच्याकडून येणं आहे त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ जरा जडच होते, हे तिथल्या संपादकाने चहा ओतता ओतता कबूल केलं.

१ फेब्रुवारी २००५ला राजा ज्ञानेंद्रांनी सत्ता हाती घेतली. फोन बंद, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक, आणि एफएमना हुकूम : फक्त करमणूक. बरं, करमणूक तर करमणूक! काहींनी बातम्याच चाल लावून गायल्या. कुठे निवेदक भर रस्त्यात उभे राहून बातमीपत्र वाचू लागले. त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका केंद्राला बातम्या चालू ठेवायला अंतरिम मुभा दिली, आणि पुढच्या वर्षी राजाचीच सत्ता गेली.

आपल्याकडे खासगी एफएम काय किंवा स्थानिक संस्थांचा सामुदायिक रेडिओ काय, आकाशवाणीचंच बातमीपत्र लावायचं, स्वतःचं करायचं नाही. तुमच्या म्हसवडच्या 'माणदेशी तरंग' या सामुदायिक रेडिओला पाणी कधी सुटणार ते सांगता येतं. ती सूचना झाली. का सुटलं नाही याच्या मागे लागलं की झाली बातमी! सरकारला भीती सुरक्षेची म्हणे. मला ती पटत नाही. गल्लोगल्ली टीव्हीच्या वृत्तवाहिन्या चोवीस तास ओरडतात, त्या चालतात.

साल विक्रम संवताचं आहे. आपल्या सनात ५६-५७ मिळवा. सरकारी 'गोरखापत्र' १९०१ला निघालं. तिथल्या हिशेबाने ते १९५८. लिपी देवनागरी, म्हणून पेपर भराभर वाचता येतो, पण जपून. त्यातलं 'हुलाक' म्हणजे आपलं टपाल. मी तासभर ते आडनाव समजत होतो.