'तीव्र' कोण : वादळ की शक्यता?

प्रश्न असा आला आहे : बातमीत "गडगडाटी वादळाची तीव्र शक्यता" असं वाचलं, हे मराठी बरोबर आहे का? आणि 'शक्यता' म्हणावं की 'संभाव्यता'?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. नुसतं कानाला खटकतं म्हणून नाही; या रचनेने अंदाजाचा अर्थच बदलतो.

मराठीत शक्यता दाट असते, नाहीतर धूसर, पुसट असते. ती बळावते, मावळते. तीव्र असतात त्या वेदना, इच्छा, विरोध, म्हणजे ज्यांचा जोर जाणवतो त्या गोष्टी. इथे 'तीव्र' हे विशेषण मुळात वादळाचं होतं, ते घाईत सरकून शक्यतेला चिकटलं. "तीव्र वादळाची शक्यता" म्हटलं की वादळ कसं असेल ते कळतं. "वादळाची दाट शक्यता" म्हटलं की ते होईल की नाही ते कळतं.

हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आकाशातही या दोन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी ठरतात. वादळ व्हायला तीन गोष्टी लागतात : जमिनीलगत भरपूर बाष्प, खाली उबदार आणि वर थंड अशी अस्थिर हवा, आणि ती हवा वर ढकलणारं काहीतरी (डोंगरउतार, दोन हवांची सीमारेषा, तापलेली जमीन). ते वादळ तीव्र होईल का, हे मोठ्या प्रमाणात चौथ्या गोष्टीवर ठरतं : उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा किती बदलते. हा बदल नसेल तर ढगातून पडणारा पाऊस वर येणाऱ्या हवेवरच कोसळतो आणि तासाभरात ढग विरतो. बदल मोठा असेल तर पाऊस बाजूला पडतो, वर येणारा झोत मोकळा राहतो आणि ढग तासन्‌तास जगतो. मोठ्या गारा अशाच ढगात वाढतात.

आता एक दिवस डोळ्यांसमोर आणा. उंचीनुसार वारा चांगलाच बदलतो आहे, आणि जमिनीपासून दीड-दोन किलोमीटरवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसला आहे. ढगांचे कोंब वर येतात, झाकणाला टेकून चपटे होतात आणि विरून जातात. संध्याकाळपर्यंत आकाश निरभ्र राहण्याचाच संभव जास्त. पण खाली ऊर्जा साठत असते. ती एक किलो हवेमागे किती ज्यूल अशी मोजतात, आणि अशा दिवशी आकडा अडीच हजारांपुढे जाऊ शकतो. एकाच ठिकाणी झाकण फुटलं, तर अर्ध्या-पाऊण तासात ढग बारा किलोमीटर उंची गाठतो आणि त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो. या दिवशी शक्यता धूसर आहे आणि वादळ मात्र तीव्र. उलट, दमट पण मंद वाऱ्याच्या दिवशी गडगडाट जवळजवळ ठरलेला असतो, आणि वादळ साधंच निघतं. "तीव्र शक्यता" या शब्दांत यांपैकी कोणता दिवस ओळखायचा?

शिवाय 'तीव्र' ही मोजून ठरवायची गोष्ट आहे. अमेरिकेत निदान अडीच सेंटिमीटर व्यासाची गार किंवा ताशी सुमारे ९३ किलोमीटरचा वारा किंवा टोर्नेडो (ढगातून जमिनीपर्यंत पोचणारा वाऱ्याचा भोवरा) असेल तरच वादळ तीव्र म्हणतात. विजांची संख्या त्यात धरत नाहीत, त्यामुळे 'तीव्र नाही' याचा अर्थ 'निर्धोक' असा होत नाही.

आता दुसरा प्रश्न. आकडा नसेल तिथे 'शक्यता' उत्तम. 'शक्य' म्हणजे घडू शकेल असं. आकडा असेल तिथे गणिताच्या पुस्तकातली 'संभाव्यता' मला जास्त नेमकी वाटते, पण "३० टक्के शक्यता" रूढ आहे आणि मी ती चूक म्हणणार नाही. "उद्या ३० टक्के पाऊस" मात्र लिहू नये. त्यातून तीस टक्के भागात किंवा तीस टक्के वेळ पाऊस, असा अर्थ निघतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाच शहरांतल्या लोकांना या आकड्याचा अर्थ विचारला होता, तेव्हा युरोपातल्या चारही शहरांत 'तीस टक्के वेळ' हाच अर्थ सर्वांत पसंत होता. खरा अर्थ असा : आजच्यासारखे अंदाज दिलेल्या दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवशी पाऊस पडतो. 'तुरळक ठिकाणी' हा शब्दही असाच जागांबद्दल आहे, खात्रीबद्दल नाही.

तीव्र वादळांचे आकडे तर आणखी जपून वाचावेत. अमेरिकेतल्या अंदाजात १५ टक्के म्हणजे एखाद्या ठिकाणापासून सुमारे ४० किलोमीटरच्या आत तीव्र वादळ होण्याची संभाव्यता. नेहमीच्या दिवशी ती याहून कितीतरी कमी असते, म्हणून तिथे पंधराचा आकडाही दखल घेण्याजोगा ठरतो.

वर सांगितलेल्या झाकणाच्या दिवसाची बातमी मी अशी लिहीन : "उद्या दुपारनंतर गडगडाटी वादळाची शक्यता कमी, मात्र झालंच, तर ते तीव्र असेल आणि मोठ्या गारा पडू शकतील."