सोमवार उजाडला की पोट दुखतं

मेलबर्नजवळच्या टार्नीटहून एका आईने विचारलंय: मुलगी नववीत. सुझान कोरी हायस्कूल या निवडक मुलांच्या सरकारी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली होती, नंबर लागला नाही. तेव्हापासून झोप उडाली, नाचाचा क्लास सोडला, सोमवारी तर हमखास पोट दुखतं. तपासण्या सगळ्या नॉर्मल. बाबा म्हणतात, “नखरे आहेत, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.” काय करावं?

ताई, पोट खरंच दुखतंय तिचं. चिंतेने दुखतं. झोप, भूक, आवडीच्या गोष्टी दोन आठवड्यांच्या वर सुटलेल्या असतील तर थांबू नका. बाबांना पटेपर्यंत तर मुळीच नाही. मात्र सबंध दिवस घरी ठेवलंत की मंगळवार आणखी जड जातो. शाळेशी बोलून दोन तासांपासून सुरुवात करा.

तुमच्या जवळ वेरिबीला हेडस्पेसचं, म्हणजे तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठीचं, केंद्र आहे. 12 ते 25 वयाच्या मुलांसाठी, डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही, खर्च नाही किंवा अगदी थोडा. पहिल्या भेटीत घर, शाळा, झोप, मैत्रिणी, दारू-सिगरेट, सगळं विचारतात. आणि काही वेळ तुम्हाला बाहेर बसायला सांगतात. आपल्याकडच्या आयांना हे फार लागतं. (मुलीचं असं काय आहे जे मला माहीत नाही? बरंच असतं.) बसा बाहेर. परतताना गाडीत “काय काय बोललीस?” हा प्रश्न गिळून टाका. तिच्या जिवाला धोका वाटला तर समुपदेशक तुम्हाला कळवतात. बाकीचं तिथेच राहतं, म्हणून तर मुलं तोंड उघडतात.

फॅमिली डॉक्टरांकडून मेंटल हेल्थ ट्रीटमेंट प्लॅन (मानसिक उपचारांचा लेखी आराखडा) करून घेतलात तर मेडिकेअरमधून, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यातून, मानसोपचाराच्या वर्षाला 10 सत्रांपर्यंत परतावा मिळतो. तात्पुरत्या व्हिसावर असाल, मेडिकेअर नसेल, तर शाळेत विचारा. व्हिक्टोरियातल्या सरकारी माध्यमिक शाळांत मेंटल हेल्थ प्रॅक्टिशनर (मानसिक आरोग्याचे तज्ज्ञ) असतात. मुलांना फोनवर समुपदेशकाशी बोलायला किड्स हेल्पलाइन आहे, 1800 55 1800, चोवीस तास आणि फुकट.

जगणं नको वाटतं का, हे तिला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ऐकून पोटात गोळा आला तर तिला एकटं सोडू नका, 000 हा तातडीचा नंबर लावा. मराठी मंडळातल्या कुणाचा सल्ला घेत बसू नका.

आजीशी व्हिडिओ कॉल चालू असताना तिच्यादेखत “हिचा नंबर नाही लागला हो” हे आता बंद. बाबांशी वाद घालू नका. पहिल्या भेटीला गाडी मात्र त्यांनाच चालवायला सांगा.